जुनी स्पोर्टी गाडी घेताना कार्बोरेटर की इंजेक्शन? स्टिकर सोडा, बॉनेट उघडा

सोलापुरात जुनी झेन, एस्टीम, होंडा सिटी किंवा पालिओ १.६ हौसेने घेणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली आहे. गाडी घेताना 'एमपीएफआय आहे', म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर आहे, असं सांगितलं होतं, डिकीवर स्टिकरही आहे. सकाळी एका सेल्फवर चालू होते. दुपारी नवी पेठेत अर्धा तास उभी केली की मात्र परत चालू व्हायला मागत नाही. एक मेस्त्री पंप बदलायला सांगतो, दुसरा जेट, म्हणजे कार्बोरेटरमधली पेट्रोल सोडणारी बारीक भोकं, साफ करायला. दोन्ही करून होतं, पैसे जातात आणि पुढच्या उन्हात पुन्हा तेच.

अशा बहुतेक गाड्यांत दुरुस्ती चुकीच्या टोकापासून सुरू झालेली असते. इंजिनाला पेट्रोल नेमकं कोणत्या पद्धतीने मिळतंय हेच कुणी नीट पाहिलेलं नसतं: कार्बोरेटरमध्ये ते हवेच्या ओढीने मिसळतं, इंजेक्शनमध्ये दाबाने फवारलं जातं. गरम झाल्यावर बंद पडणं, आयडलिंगला हलणं, पिकअपला अडखळणं ही लक्षणं कार्बोरेटरच्या गाडीतही दिसतात आणि इंजेक्शनच्या गाडीतही. कारणं वेगळी, इलाज वेगळे, खर्चही वेगळा. त्यात बाजारात एक तिसरा प्रकार आहे: कंपनीतून इंजेक्शनची निघालेली आणि नंतर कुणीतरी कार्बोरेटर बसवलेली गाडी. सगळ्यात जास्त फसगत तिथे होते.

कागदावरून किती कळतं

थोडंच, पण सुरुवात तिथूनच करा.

झेन १९९३ साली आली ती ९९३ सीसीचं कार्बोरेटरचं इंजिन घेऊन, ५० बीएचपीची. १९९९-२००० च्या सुमारास एमपीएफआय झेन आली, ती ६० बीएचपीची. एस्टीमचंही तसंच, कार्बोरेटरवाली ६५ आणि १६ व्हॉल्व्हची एमपीएफआय ८५ बीएचपीची. दोन्ही गाड्या बाहेरून जवळपास सारख्याच दिसतात, म्हणूनच स्टिकरचा खेळ चालतो. याउलट होंडा सिटी १९९८ पासून, म्हणजे भारतात आली तेव्हापासूनच इंजेक्शनची. फियाट पालिओ १.६ आणि मित्सुबिशी लान्सरसुद्धा तशाच. यांच्यात कार्बोरेटर दिसला तर तो नंतर बसवलेला आहे, यात शंका ठेवू नका.

१ एप्रिल २००० पासून देशभर 'इंडिया २०००' हे प्रदूषणाचे निकष लागू झाले आणि त्या सुमारास बहुतेक मोटारी इंजेक्शनवर गेल्या. पण '२००० नंतरचं पासिंग म्हणजे एमपीएफआयच' हा हिशेब धोक्याचा आहे. शोरूममध्ये पडून राहिलेली १९९९ ची गाडी नंतर पासिंग झालेली असू शकते. आरसीवर पासिंगची तारीख आणि उत्पादनाचा महिना-वर्ष हे वेगवेगळे असतात. तुम्हाला बघायचंय ते उत्पादन.

इंजिन नंबरच्या सुरुवातीच्या अक्षरांवरही पैज लावू नका. मारुती ८०० मध्ये एफ-८-बी हेच इंजिन आधी कार्बोरेटरवर आणि पुढे एमपीएफआयवरही विकलं गेलं. नंबर आरसीशी जुळतो की नाही, एवढ्यापुरताच तो वापरा. जुळत नसेल तर इंजिन बदललेलं आहे, आणि त्याची नोंद आरटीओत नसेल तर सौदा तिथेच थांबवा.

पासिंग एमएच-१३ चं आहे, एमएच-२५ चं की शेजारच्या कर्नाटकातलं, याला एका बाबतीत अर्थ आहे. १ एप्रिल २०१० ला बीएस-४, म्हणजे प्रदूषणाच्या 'भारत स्टेज' निकषांचा चौथा टप्पा, सुरू झाला तो फक्त १३ शहरांत, आणि त्या यादीत मुंबई-पुण्याबरोबर सोलापूरही होतं. आजूबाजूच्या जिल्ह्यांत त्या वेळी बीएस-३ होतं. त्यामुळे २०१० नंतरची एकाच मॉडेलची दोन गावांतली गाडी सेन्सर आणि ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) यांच्या बाबतीत वेगळी निघू शकते. सुटे भाग मागवताना गाडी कोणत्या बीएसची हे आधी सांगा.

चावी फिरवा, पण सेल्फ मारू नका

इंजिन पूर्ण थंड असताना पाहा. विकणाऱ्याने तुम्ही येण्याआधीच गाडी चालू करून ठेवली असेल तर बॉनेटवर हात ठेवून बघा, आणि गरम लागली तर दुसऱ्या दिवशी सकाळी या. थंड इंजिन जे सांगतं ते गरम इंजिन लपवतं.

रेडिओ, पंखा बंद. काचा खाली. चावी ऑनवर न्या आणि तिथेच थांबा.

इंजेक्शनच्या गाडीत मागच्या सीटखालून, टाकीतून, दोन-तीन सेकंद 'ऊंऽऽ' असा आवाज येतो आणि थांबतो. पंप लाईनमध्ये दाब तयार करतो तो हा आवाज. त्याच वेळी मीटरमध्ये इंजिनच्या चित्राचा पिवळा दिवा लागतो आणि गाडी चालू झाल्यावर विझतो. दिवा लागलाच नाही तर तीन शक्यता: गाडी कार्बोरेटरची आहे, बल्ब मुद्दाम काढलाय, किंवा ईसीयूला करंटच नाही. शेवटच्या दोन्ही तुमच्या खिशाला लागणाऱ्या आहेत.

आवाज आला म्हणजे इंजेक्शनच, असंही समजू नका. काही कार्बोरेटरवाल्या गाड्यांना नंतर बाहेरून इलेक्ट्रिक पंप लावलेला असतो. तो सहसा थांबत नाही, चावी ऑन असेपर्यंत टकटकत राहतो.

मग सेल्फ मारा. इंजेक्शनच्या गाडीत ॲक्सिलरेटरला पाय लावायचा नाही. निरोगी गाडी तशीच चालू होते, आधी थोड्या जास्त आरपीएमवर राहते आणि तापत जाईल तशी आपोआप खाली येते. विकणारा चार वेळा पॅडल पंप करत असेल तर त्याच्या पायाकडे बघा. ती सवय कार्बोरेटरची आहे. डॅशबोर्डला चोकची नॉब असली तर प्रश्नच मिटला, मात्र नॉब नाही म्हणून इंजेक्शन असं होत नाही, कारण ऑटो चोकचे कार्बोरेटरही असतात.

बॉनेटखाली काय बघायचं

इंजिनाच्या वर गोल ताटलीसारखा एअर फिल्टर आणि मधोमध पंखाचा नट दिसला तर खाली बहुधा कार्बोरेटर आहे. इंजेक्शनच्या गाडीत एअर फिल्टर बाजूच्या चौकोनी डब्यात असतो, तिथून जाड रबरी नळी थ्रॉटल बॉडीला, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या भागाला, जाते. पण फिल्टरच्या आकारावर थांबू नका. सिंगल पॉइंट इंजेक्शनच्या गाड्यांत वर तोच गोल फिल्टर असतो आणि खाली, कार्बोरेटरच्याच जागी, एक इंजेक्टर. झाकण काढून आत बघा. मधोमध वायरचा प्लग असलेला इंजेक्टर दिसला तर इंजेक्शन. चोकची पट्टी, जेट आणि बाजूला पेट्रोलची वाटी दिसली तर कार्बोरेटर.

पक्की खूण म्हणजे फ्युएल रेल. इनटेक मॅनिफोल्डवर (सिलिंडरांना हवा पोहोचवणाऱ्या नळ्यांवर) आडवी धातूची नळी, तिच्यातून प्रत्येक सिलिंडरसाठी एक इंजेक्टर खाली गेलेला, प्रत्येकावर दोन वायरींचा प्लग. झेनला चार, मारुती ८०० ला तीन. प्लग नुसते मोजू नका, त्यांच्या वायरींचा हाताने माग काढत मुख्य हार्नेसपर्यंत, म्हणजे वायरींच्या जुडग्यापर्यंत, जा. मध्येच कापून टेप गुंडाळलेली वायर दिसली तर पुढचा भाग जास्त लक्ष देऊन वाचा.

दुसरी खूण मेकॅनिकल पंपाची. कार्बोरेटरच्या इंजिनावर हेडच्या किंवा ब्लॉकच्या बाजूला दोन बोल्टवर बसलेला छोटा पंप असतो, त्याला रबरी पाइप. कॅमशाफ्टवर चालतो आणि जेमतेम ०.२-०.३ बार दाब देतो. मल्टिपॉइंट इंजेक्शनच्या रेलमध्ये २.५ ते ३ बार लागतो. दहापट फरक आहे, आणि पुढची बरीचशी भानगड या आकड्यातूनच उभी राहते.

वायरी दिसल्या म्हणून भुलू नका. बऱ्याच कार्बोरेटरांवर आयडल कट-ऑफचा सोलेनॉइड असतो, ऑटो चोकला वायर असते, एसीसाठी आयडल वाढवणारी व्हॅक्यूमची डबी असते. सायलेन्सरला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आहे हाही पुरावा नाही. चार महानगरांत १९९५ पासून नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा होता आणि त्या काळातल्या कितीतरी गाड्या कार्बोरेटरच्याच होत्या.

ओबीडी स्कॅनर (गाडीतले दोषाचे कोड वाचणारं यंत्र) लागला नाही तरी घाबरायचं कारण नाही. २००० च्या आसपासच्या एमपीएफआय गाड्यांत आजचा १६ पिनी प्रोटोकॉल असेलच असं नाही. त्या काळच्या सुझुकी गाड्यांत डायग्नोसिसचा प्लग जोडून चेक इंजिनच्या दिव्याच्या उघडझापीतून कोड वाचतात: एकदा, थोडं थांबून दोनदा, म्हणजे १२, म्हणजे सर्व ठीक. हा जुना प्रकार माहीत असलेला मेस्त्री सोबत न्या, त्याचा उपयोग महागड्या स्कॅनरपेक्षा जास्त होईल.

इंजेक्शन काढून कार्बोरेटर बसवलेली गाडी

असं कुणी का करतं? ईसीयू जळला, पंप गेला, नवा भाग महाग पडला किंवा मिळालाच नाही, आणि भंगारात त्याच इंजिनाचा कार्बोरेटर आणि मॅनिफोल्ड स्वस्तात मिळाला. गाडी चालू झाली, मालकाने विकून टाकली. नव्या मालकाकडे येईपर्यंत या बदलाची गोष्ट कुणी सांगत नाही.

खुणा अशा. इनटेक मॅनिफोल्डवर एम-सीलने किंवा बोल्टने बुजवलेली भोकं. मोकळे लोंबणारे किंवा टेपने बांधलेले इंजेक्टरचे प्लग. एक्झॉस्टला ऑक्सिजन सेन्सर आहे पण त्याची वायर कुठेच जात नाही. ग्लोव्ह बॉक्समागे किंवा डॅशखाली ईसीयूची रिकामी जागा. ॲक्सिलरेटरची केबल मूळ ब्रॅकेट सोडून वाकडी ओढलेली.

यात दोन दोष गंभीर आहेत.

पहिला पेट्रोलच्या दाबाचा. टाकीतला मूळ इंजेक्शनचा पंप तसाच ठेवून कार्बोरेटरला जोडला असेल तर तीन बारच्या दाबासमोर वाटीत येणारं पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई टिकत नाही. पेट्रोल वाटीतून वर येतं, मॅनिफोल्डमध्ये उतरतं आणि सिलिंडरच्या भिंतींवरून ऑइलमध्ये जातं. डिपस्टिक काढून वास घ्या. ऑइल पातळ आणि पेट्रोलचा वास येणारं असेल, पातळी खुणेच्या वर चढलेली असेल, तर इंजिन चालवूच नका. बेअरिंग खराब होतात, आणि गरम एक्झॉस्टवर पेट्रोल सांडलं तर आग लागते. काहीजण रेग्युलेटर लावून दाब कमी करतात. तो बसवला असेल तर कार्बोरेटरच्या आधी गेज लावून ०.३ बारच्या आत आहे का ते मोजून घ्या. मेस्त्री म्हणतो म्हणून मानू नका.

दुसरा दोष स्पार्कच्या वेळेचा, आणि हा बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. कार्बोरेटरच्या गाडीत डिस्ट्रिब्युटरवर व्हॅक्यूमची गोल डबी आणि आत वजनं असतात. आरपीएम आणि लोडप्रमाणे टायमिंग तीच पुढे-मागे करतात. एमपीएफआय गाडीत हे काम ईसीयू करतो, म्हणून तिथे ती डबी बहुधा नसते. ईसीयू काढला आणि डिस्ट्रिब्युटर मूळचाच ठेवला तर टायमिंग एका जागी अडकतं. गाडी चालू राहते, आयडललाही बरी वाटते, पण चढाला दम सोडते आणि तापते. तपासायला टायमिंग लाइट लावा. आयडलवर खूण बघा, मग ३००० आरपीएमला बघा. खूण जागची हलली नाही तर ॲडव्हान्स नाही, म्हणजे स्पार्कची वेळ पुढे सरकत नाही. लाइट नसेल तर तुळजापूर रोड धरा. घाट लागला की तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर द्या. ६० बीएचपीची झेन तिथे ओढत राहते, अडकलेल्या टायमिंगची गाडी आवाज करते आणि वेग घेत नाही.

अशी गाडी परत मूळ अवस्थेत आणायची तर ईसीयू, पूर्ण हार्नेस, इंजेक्टरसकट रेल, टीपीएस (थ्रॉटल किती उघडला ते सांगणारा सेन्सर) असलेली थ्रॉटल बॉडी, मॅप (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) सेन्सर, क्रॅंक किंवा कॅम सेन्सर, पंप आणि जाड फ्युएल पाइप एवढं सगळं लागतं. हार्नेस आणि ईसीयू जागेवर असतील तर विचार करा. दोन्ही गायब असतील तर ती कार्बोरेटरची गाडी धरूनच भाव करा, आणि डिस्ट्रिब्युटर व पंप बदलण्याचा खर्च त्यातून वजा करा.

उन्हात बंद पडते, थंड झाल्यावर चालू होते

मे महिन्यात सोलापूरचं तापमान ४४ अंशांच्या आसपास जातं, बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. या एका लक्षणाची उत्तरं दोन्ही पद्धतींत वेगळी आहेत, म्हणून बंद पडलेल्या जागीच, गाडी गरम असतानाच तपासा. तासाभराने गॅरेजमध्ये नेली तर दोष सापडत नाही.

आधी स्पार्क. जास्तीचा एक प्लग वायरीला लावा, त्याचा धातूचा भाग इंजिनला टेकवा, सोबतच्या माणसाला सेल्फ मारायला सांगा. जवळपास पेट्रोल सांडलेलं नाही ना, हे आधी बघा, आणि एक किलोचा पावडरचा अग्निशामक हाताशी ठेवा. निळा ठसठशीत स्पार्क असेल तर अडचण पेट्रोलची. स्पार्कच नसेल तर पेट्रोलच्या नादाला लागू नका.

कार्बोरेटरच्या गाडीत स्पार्क आहे, मग फिल्टरचं झाकण काढा आणि हाताने थ्रॉटल एकदा पूर्ण फिरवा. आत पेट्रोलची बारीक धार उडाली पाहिजे. धार आली नाही तर वाटी कोरडी आहे: मेकॅनिकल पंपात किंवा पाइपात पेट्रोलची वाफ झाली आहे. पंपावर आणि पाइपवर ओलं फडकं ठेवा, दहा मिनिटांत चालू होते. धार आली आणि आत सगळं ओलंचिंब दिसतंय, तर उलट झालंय. वाटीतलं पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये सांडलंय. अशा वेळी ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरा, पंप करू नका, आणि पाच-सात सेकंद सेल्फ मारा. दोन-तीन वेळा केलं की गाडी धरते.

कायमचा इलाज: कार्बोरेटरखालचा बेकलाइटचा जाड स्पेसर आहे का बघा. हेडचं काम झालेल्या गाड्यांत तो हमखास गायब असतो आणि त्या जागी नुसतं कागदी गॅसकेट असतं. टाकीकडे परत जाणारी रिटर्न लाईन फुंकून मोकळी करा. ती तुंबली की पेट्रोल फिरत नाही, एकाच जागी तापत राहतं. पेट्रोलचा पाइप एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून लांब न्या.

इंजेक्शनच्या गाडीत बंद लाईनला दाब असल्यामुळे वाफेचा त्रास क्वचित होतो. तिथे गरम झाल्यावर स्पार्क आणि इंजेक्शन दोन्ही एकदम जात असतील तर संशय क्रॅंक किंवा कॅम सेन्सरवर. सेन्सरवर ओलं फडकं ठेवून पाच मिनिटांनी चालू झाली तर संशय पक्का करा. कॉइलचा सेन्सर असेल तर गरम असताना मल्टिमीटरने ओहम मोजा. गरम असताना सर्किट उघडं दिसतं आणि थंड झाल्यावर जुळतं. स्पार्क आहे पण पंपाचा आवाज नाही, तर फ्यूज, मग रिले, मग टाकीजवळची अर्थिंगची वायर. पंपाच्या प्लगवर सेल्फच्या वेळी १२ व्होल्ट पोहोचत असतील आणि पंप फिरत नसेल तरच पंप बदला. जळालेल्या रिलेसाठी चांगले पंप टाकून दिले जातात, त्याचं फार वाईट वाटतं.

आता उन्हाळ्यातला एक गैरप्रकार. गाडी तापते म्हणून आपल्याकडे थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावरच पाणी रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह, काढून टाकायची पद्धत आहे. इंजेक्शनच्या गाडीला हे सोसत नाही. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो. तो नसेल तर पहाटे हायवेला इंजिन त्या तापमानाला पोहोचतच नाही, ईसीयूला इंजिन थंडच वाटतं आणि तो पेट्रोल जास्त सोडत राहतो. ॲव्हरेज पडतं, प्लग काळे होतात, आणि मालक इंजेक्टर साफ करून घेत बसतो. ऑटो चोकच्या कार्बोरेटरमध्येही चोक पूर्ण उघडत नाही. घेताना टेम्परेचरचा काटा बघा: पुणे रोडला वेगात चालवल्यावर काटा खाली घसरत असेल तर थर्मोस्टॅट काढलेला आहे. तापण्याचं खरं कारण बहुतेक वेळा तुंबलेला रेडिएटर, फॅनचा स्विच किंवा बोरिंगचं जड पाणी असतं. कूलंट भरा.

कूलंटच्या तापमानाचा सेन्सर तपासणं सोपं आहे. प्लग काढा, दोन पिनांमध्ये ओहम मोजा. २० अंशांना साधारण २ ते ३ किलोओहम, ८० अंशांना ३०० ओहमच्या आसपास. उन्हाळ्याच्या सकाळी यांच्या मधला आकडा येईल. तापत जाईल तसा तो न अडखळता उतरला पाहिजे.

इथेनॉलचं पेट्रोल आणि जुना कार्बोरेटर

आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. शुद्ध पेट्रोलला एका भागाला सुमारे १४.७ भाग हवा लागते, ई-२० ला सुमारे १३.५. म्हणजे त्याच हवेला साधारण ८-९ टक्के जास्त इंधन हवं. ऑक्सिजन सेन्सर चांगला असलेली इंजेक्शनची गाडी हे स्वतः सांभाळून घेते. कार्बोरेटरच्या जेटचं भोक आहे तेवढंच राहतं, म्हणून गाडी लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) चालते: थंडीला चोक जास्त वेळ लागतो, मध्यम वेगाला गुदमरल्यासारखी होते, प्लग पांढरट दिसतात.

ज्या जेटवरचा आकडा भोकाचा व्यास सांगतो, तिथे १०० चा जेट असेल तर १०२.५ किंवा १०५ पुरतो. व्यास ४ टक्के वाढला की भोकाचं क्षेत्रफळ सुमारे ८ टक्के वाढतं. ११० टाकू नका. जेटमध्ये तार घालून भोक मोठं करणारा मेस्त्री दिसला तर काम थांबवा. ते भोक पुन्हा कधी गोल होत नाही.

जुन्या रबरी पाइपांना, ॲक्सिलरेटर पंपाच्या डायफ्रामला आणि सुईच्या टोकाला इथेनॉल सोसत नाही. पाइप फुगतो, आतून त्याचे काळे कण सुटतात आणि पायलट जेटमध्ये, म्हणजे आयडलिंगच्या जेटमध्ये, बसतात. चोक ओढला तरच आयडलिंग टिकतं, हे त्याचं लक्षण. कार्बोरेटरचं दुरुस्तीचं किट बदलताना पाइपही बदला, नाहीतर साफ केलेला कार्बोरेटर काही दिवसांत पुन्हा तुंबतो.

एक दोष मात्र किटने जात नाही. थ्रॉटलचा शाफ्ट हाताने वर-खाली हलवून बघा. ढिला असेल तर तिथून हवा शिरते आणि कितीही स्क्रू फिरवले तरी आयडल बसत नाही. चालू इंजिनवर शाफ्टच्या कडेला थोडा कार्बोरेटर क्लीनर मारा. आरपीएम बदलला तर गळती तिथेच. बुश घालून देणारा टर्नर मिळाला तर ठीक, नाहीतर दुसरा कार्बोरेटर.

गॅसकिट, आणि बाहेरून आलेल्या जुन्या गाड्या

एलपीजी किंवा सीएनजीचं किट असेल तर आरसीवर नोंद हवीच. गाडी फक्त गॅसवर दाखवली तर पेट्रोलवर चालवायला सांगा. वर्षानुवर्षं गॅसवर चाललेल्या गाडीत इंजेक्टर चिकटतात, कार्बोरेटरची वाटी सुकून पांढरी पडते.

आयात केलेल्या जुन्या स्पोर्ट्स कारच्या बाबतीत दोन सापळे आहेत. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या पोर्शे, मर्सिडीज अशा गाड्यांत बॉशची के-जेट्रॉनिक ही यांत्रिक इंजेक्शनची पद्धत होती. तिच्या इंजेक्टरांना वायरच नसते. एका फ्युएल डिस्ट्रिब्युटरपासून प्रत्येक सिलिंडरला बारीक नळी जाते. वायर नाही म्हणून कार्बोरेटर समजू नका. दुसरा सापळा वेबर कंपनीच्या आडव्या जोड कार्बोरेटरांचा. स्वतंत्र थ्रॉटल बॉडीचं इंजेक्शन बाहेरून अगदी तसंच दिसतं. वर जेटचं झाकण आणि वाटी असेल तर कार्बोरेटर, रेल आणि प्लग असतील तर इंजेक्शन.

मोटारसायकलींतही हाच घोळ चालतो. पल्सर २२० ही २००७ मध्ये डीटीएस-एफआय नावाने इंजेक्शनची आली आणि २००९ मध्ये आलेली डीटीएस-आय कार्बोरेटरची. नावात एका अक्षराचा फरक, त्यात एफआय काढून कार्बोरेटर बसवलेल्या गाड्याही फिरतात. स्टिकर वाचू नका, टाकीखाली वाकून बघा.

पैसे देण्याआधी पीयूसी

पीयूसी केंद्रावर गाडी तुमच्यासमोर लावा आणि नुसतं 'पास' न बघता आकडे वाचा. बीएस-२ च्या आधीच्या पेट्रोल मोटारीला आयडलवर कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएमपर्यंत चालतं. बीएस-२ आणि बीएस-३ ला मर्यादा ०.५ टक्के आणि ७५० पीपीएम, बीएस-४ ला ०.३ टक्के आणि २०० पीपीएम. निरोगी एमपीएफआय गाडी गरम झाल्यावर ०.५ च्या बरीच खाली राहते. २००५ ची 'एमपीएफआय' गाडी दीड-दोन टक्के दाखवत असेल तर एकतर ऑक्सिजन सेन्सर किंवा कन्व्हर्टर गेलाय, नाहीतर बॉनेटखाली इंजेक्शनच नाही.

गाडी किमान दहा मिनिटं चालवून, कूलिंग फॅन एकदा फिरल्यावरच नळी लावू द्या. थंड गाडीचे आकडे दोन्ही पद्धतींत वाईट येतात. जुन्या गाडीच्या आरसीची मुदतही त्याच वेळी बघा. खासगी मोटारीची पहिली नोंदणी १५ वर्षांची, त्यानंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण, आणि महाराष्ट्रात त्यासोबत पर्यावरण कर. नूतनीकरणाला गाडी इन्स्पेक्टरसमोर उभी करावी लागते, म्हणून मुदत संपत आलेली असेल तर ते काम विकणाऱ्याने करून द्यावं, असं टोकन देतानाच लिहून घ्या.